मालमोटारीचे मागील निलंबन : उंची व स्थैर्य

मालमोटारीचा सांगाडा व मागील आस यांना जोडणाऱ्या आणि रस्त्याचे धक्के सौम्य करणाऱ्या योजनेस मागील निलंबन म्हणतात. एकाखाली एक रचलेल्या, बाक दिलेल्या पोलादी पाट्यांचे निलंबन भारतात दीर्घकाळ रूढ आहे. रिकाम्या मालमोटारीची मागील बाजू उंच दिसते. पूर्ण भार चढल्यावर सांगाडा जवळजवळ सपाट व्हावा, हा त्यामागील हेतू असतो. म्हणून ही उंची म्हणजे वाहन व भार यांमध्ये निर्मात्याने साधलेला मेळ होय. तो बिघडला की सुखद प्रवासाबरोबर वाहनाची सुरक्षितताही बाधित होते.

पारंपरिक बैलगाडीचा आस स्प्रिंगविना साट्याखाली बसविलेला असे. टांग्याला मात्र पाटे असत. घोडागाड्यांचे हेच पाटे पुढे मोटारीकडे आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईतील कुर्ला येथे मोटारनिर्मितीस चालना दिली. टाटांच्या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीतील डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेटपूर येथे मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ या हलक्या मालमोटारीमुळे शहरांतर्गत मालवाहतुकीस सोयीचे साधन मिळाले.

अशा वाहतुकीची गरज ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे विशेष स्पष्ट होते. तेथील निजामपुरा या भागाच्या नावाशी नाते सांगणारे निजामपूर हे नाव शहराच्या नगरपालिकेने आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेनेही जपले आहे. यंत्रमागांच्या या गावात सूत आत येते व कोरे कापड बाहेर जाते. परिसरातील गुदामांमुळे जड वाहनांची वर्दळही मोठी असते. एकाच वाहनाला कधी पूर्ण भाराने, तर कधी रिकामे धावावे लागते. भारासाठी पुरेसे ताठ असलेले पाटे रिकाम्या वाहनास अतिताठ ठरतात. ते खड्ड्यांवर उसळते व चाकांची रस्त्यावरील पकड सुटते.

मागील बाजू खाली आणण्याचे अनेक मार्ग आहेत. पाट्यांचा बाक कमी करतात, काही पाटे काढून टाकतात किंवा आसावरील पाटे आसाखाली बसवितात. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर वाहन कमी कलते, हा लाभ खरा आहे. परंतु आसाला वर सरकण्यास उरणारे अंतर घटते. भरलेले वाहन खड्ड्यात गेले की आस सांगाड्याखालील रबरी ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणी स्प्रिंगचे कार्य थांबते. हे वळणावर घडल्यास मागील बाजू एकाएकी ताठ होऊन बाहेर घसरू शकते. काढलेल्या पाट्यांचा भार उरलेल्यांवर पडून ते लवकर मोडतात. चालकदंडाच्या सांध्यांचे कोन बदलून कंप निर्माण होतो. वाहनाचे नाक वर उचलले गेल्याने सुकाणू जड वाटू लागते आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो.

सर्वांत गंभीर परिणाम ब्रेकवर होतो. अनेक मालमोटारींत सांगाडा व आस यांमधील अंतरावरून भाराचा अंदाज घेणारी झडप असते. अंतर कमी असेल, तर ती मागील ब्रेकना अधिक दाब देते. मागील बाजू खाली आणून झडप पुन्हा जुळविली नाही, तर रिकामे वाहनही तिला भरलेले भासते. मागील चाके जखडून वाहन गरकन फिरू शकते. याउलट, अधिक माल लादण्यासाठी पाटे वाढविले, तर अतिभारातही सांगाडा उंच राहतो. झडप वाहनास हलके समजते आणि ब्रेकची सर्वाधिक गरज असतानाच मागील दाब अपुरा पडतो. सांगाडा दबलेला न दिसल्याने हा धोका डोळ्यांनाही जाणवत नाही.

या प्रश्नाची कायद्यानेही दखल घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. त्याआधी, २०१८ मध्ये, चार टायर असलेल्या एकेरी आसावरील कमाल अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आला. मात्र या वाढीमुळे पाटे वाढविण्याची मुभा मिळत नाही. कायद्यातील मर्यादा वाढली, तरी जुन्या वाहनाचे पाटे, आस व ब्रेक यांची क्षमता तेवढीच राहते.

कमी पाट्यांच्या, टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या स्प्रिंगांमध्ये घर्षण कमी असल्याने प्रवास अधिक सुखद होतो. हवेच्या पिशव्यांच्या निलंबनात भार बदलला, तरी उंची कायम राखता येते. तेथे झडप उंचीऐवजी पिशव्यांतील दाबावरून भार ओळखते. निलंबनाची उंची, स्प्रिंगचा ताठपणा व ब्रेक यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे या सुधारणांवरून दिसून येते.