पाणी लहान होत नाही

आजोबांचं गाव १९६० च्या दशकात कोयनेच्या जलाशयात गेलं. गेल्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी त्या गावाचं मॉडेल करायला घेतलं. घरं, देऊळ, घाट, सगळं १:१०० प्रमाणात जमलं. अडलं नदीपाशी. खरं पाणी ओतलं, तर नुसतं डबकं दिसायला लागलं.

असं का, हे शोधताना विल्यम फ्रूड हा इंग्लिश इंजिनिअर सापडला. १८६७ मध्ये त्याने 'स्वान' आणि 'रेव्हन' या दोन वेगळ्या घडणींच्या बोटींची ३, ६ आणि १२ फुटी मॉडेल्स डार्ट नदीत ओढून पाहिली. त्याला दिसलं ते असं: बोट १०० पट लहान केली, तर वेग १० पट, म्हणजे वर्गमूळाच्या हिशेबाने कमी करायचा. तरच लाटांची नक्षी सारखी उमटते. पुढे ब्रिटिश नौदलाने पैसे दिले आणि १८७२ मध्ये टॉर्की गावी, त्याच्या घराजवळ, चाचणीचा हौद सुरू झाला. जहाजांची मॉडेल्स आजही त्याच नियमाने तपासतात.

माझ्या नदीचं दुखणं इथेच होतं. ५ मीटरवरून पाणी पडायला साधारण १ सेकंद लागतो, ५ सेंटिमीटरवरून त्याचा दहावा भाग. म्हणजे मॉडेलमधलं पाणी दहापट घाईत असतं. शिवाय थेंब काही लहान होत नाही. ३ मिलिमीटरचा थेंब माझ्या गावात ३० सेंटिमीटरचा, चांगल्या कलिंगडाएवढा! सिनेमावाले म्हणूनच मॉडेल जमेल तेवढं मोठं करायचे, जास्त फ्रेम्सनी शूट करायचे आणि पडद्यावर पाणी संथ करायचे.

माझ्याकडे एकच उपाय होता, पाणी गोठवणं. तळ रंगवला: मध्ये गडद, काठाला मातकट. वर इपॉक्सी रेझिनचे पातळ थर ओतले. एकदम जाड थर दिला तर तो तापतो, तडकतो. दोन दिवसांनी नदी आरशासारखी चकचकीत झाली.

आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे धरणाचं पाणी झालं रे. नदी अशी गप्प नसायची."

मी पुन्हा बसलो. पारदर्शक जेलने खडकांच्या खालच्या अंगाला लाटा ओढल्या, टोकांना किंचित पांढरा रंग लावला.

या वेळी आजोबांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवलं. "हा खडक वर घे. भोवरा त्याच्या खाली होता."

आता घट्ट झालेलं रेझिन छिन्नीने फोडावं लागणार. फोडतोय.