फ्रेंचांचा नकार आणि रघूजी भोसले

फ्रेंचांच्या बोलण्यातील आर्जव जगात गाजलेले आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मादाम द रांबुइये यांच्या वाड्यात सरदार, कवी आणि पंडित जमत. आपलेच घोडे दामटू नये, दुसऱ्याला बोलण्यास वाव द्यावा, मतभेद झाला तरी कोणाचा पाणउतारा करू नये, असे वळण अशा बैठकींतून लागले. पण हा केवळ दिवाणखान्यातला डौल होता काय? त्याची परीक्षा आपल्याच इतिहासात एकदा झाली आहे.

१७४० साली मराठ्यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. त्यांत नागपूरकर रघूजी भोसले प्रमुख होते. त्यांच्याच घराण्याचा अंमल आपल्या वैनगंगेकाठच्या मुलुखावर पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली पडला आणि त्याच्या बायकामुलांनी पाँडिचेरीत फ्रेंचांचा आश्रय घेतला. त्याचा जावई चंदासाहेब याचे कुटुंबही तेथेच होते. रघूजींनी गव्हर्नर द्युमा याच्याकडे खंडणी मागितली, आणि हे आश्रितही.

द्युमाचे उत्तर अदबीचे होते, पण त्यात होकार कोठेच नव्हता. आश्रितांना स्वाधीन करणे आपल्या राजाच्या अब्रूला शोभणार नाही, असा त्याचा आशय. मराठ्यांचा वकील आला तेव्हा त्याचा आदरसत्कार झाला; त्याबरोबरच तटावरच्या तोफा आणि दारूगोळ्याचे साठेही त्याला दाखविण्यात आले. निरोपाच्या वेळी फ्रेंच मद्याच्या काही बाटल्या दिल्या. ते मद्य रघूजींच्या पत्नीस आवडले आणि स्वारी टळली, अशी कथा युरोपीय इतिहासकार चवीने सांगतात.

ती आपण जपूनच घ्यावी. मोहिमा बाटल्यांनी फिरत नसतात. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद झाला आणि स्वारीचे मोठे काम साधले. पाँडिचेरीच्या तटावर माणसे खर्ची घालण्यात रघूजींना लाभ दिसला नसावा.

कोणी म्हणेल, पाठीशी तोफा होत्या म्हणून नम्रता शोभली. खरे आहे. पण तोफा असूनही जिभेवर ताबा ठेवणे सोपे नसते. शरणागताला अंतर देऊ नये, हा धर्म आपणही मानतो. द्युमाने शिष्टाचार वापरला तो हा धर्म पाळण्यासाठी. आपण मात्र भिडेपोटी ‘बघू’, ‘करू’ म्हणतो आणि त्यालाच सौजन्य समजतो. समोरच्याचा मान राखून स्पष्ट ‘नाही’ म्हणता येते, एवढे तरी या प्रसंगातून घेण्यासारखे आहे.