तळ्याच्या चिखलातील शिरस्त्राण

सोलापूरच्या अवर्षणप्रवण मुलखाला तळ्यांचा इतिहास आहे. शहराजवळचा एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. अशा मुलखातील आटणाऱ्या तळ्यांत पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया नावाचा जेमतेम काही मिलिमीटरांचा कवचधारी जीव, चिखलातील सुप्त अंड्यांच्या रूपाने तग धरतो. याच गुणामुळे कार्ल लुमहोल्ट्झ यांनी ऑस्ट्रेलियात जमवलेल्या वाळक्या चिखलातून जी. ओ. सार्स यांना नॉर्वेत पाणपिसवा उपजवता आल्या, आणि १८८५ मध्ये त्यांनी एका जातीला लुमहोल्ट्झ यांचे नाव दिले. भारतातही आढळणारी ही जात माशांनी पाण्यात सोडलेली रासायनिक द्रव्ये ओळखून डोक्यावर अणकुचीदार शिरस्त्राण आणि मागे लांब काटा वाढवते, त्यामुळे लहान माशांना तिला गिळणे अवघड जाते. १९०९ मध्ये रिचर्ड वोल्टेरेक यांनी पाणपिसवांच्याच अभ्यासातून ‘प्रतिक्रियेची कक्षा’ ही संकल्पना, म्हणजे एकाच आनुवंशिक वारशातून परिस्थितीनुसार निरनिराळी शरीरे घडू शकतात हा विचार, मांडला. आनुवंशिकतेच्या इतिहासात या विचाराला मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे होते. पुढे २०१९ मध्ये रोहू-कटल्याच्या कार्प कुळातील माशांच्या पित्तातला एक क्षार पाणपिसवांना दिवसा खोल पाण्यात उतरायला लावतो, हेही दाखवले गेले.