पाहुण्यांनी घडवलेली लिपी

मुंबईहून थेट विमाने सुरू झाल्यापासून व्हिएतनामची सहल आपल्याकडे अपूर्वाईची राहिलेली नाही. सुट्टी जोडून आठ-दहा दिवस जावे, हनोईची तळी पाहावीत, होई आनच्या कंदिलांखाली फिरावे, वाफाळणाऱ्या 'फो'चा वाडगा रिचवावा आणि परतावे, असा सर्वसाधारण बेत असतो. बेत वाईट नाही. परंतु तेथे उतरताच दृष्टीस पडणारी एक गोष्ट बहुतेक प्रवासी पाहूनही पाहत नाहीत. चीनला खेटून असलेला हा देश. देवळांची छपरे चिनी वळणाची, कमानींवरील जुने लेख चिनी अक्षरांतले. आणि दुकानांच्या, रस्त्यांच्या, शाळांच्या पाट्या मात्र रोमन लिपीत! अक्षरांच्या माथ्यावर टोप्या नि आकडे, पायाशी टिंबे, असा त्या रोमन अक्षरांचा साज. ही लिपी तेथे कोणी नेली, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की आपण थेट आपल्याच गोव्याच्या सासष्टीत येऊन पोहोचतो.

१६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले. मकावमध्ये अडकून पडलेल्या येशूसंघीयांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता जावे कोठे? होई आन बंदरात जपानी व्यापाऱ्यांची वसाहत होती (तिथला आच्छादित जपानी पूल आजही प्रवाशांच्या छायाचित्रांत हटकून असतो), आणि त्या वसाहतीत ख्रिस्ती जपानीही होते. त्यांच्या आधाराने जानेवारी १६१५ मध्ये फादर फ्रान्सेस्को बुझोमी आणि फादर दिओगो कार्व्हाल्यो या भूमीवर उतरले. देश तेव्हा दुभंगलेला होता. उत्तरेत त्रिन्ह सरदारांची सत्ता, दक्षिणेत न्गुयेन सरदारांची. दोन्हीकडे धर्मगुरू राहत ते केवळ पाहुणे म्हणून. राज्यकर्त्यांची मर्जी असेतो राहावे, मर्जी फिरली की गलबत गाठावे. त्यांच्या पाठीशी ना किल्ला होता ना शिबंदी. पुढचा सारा इतिहास समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अलेक्सांद्र द रोद हा फ्रान्समधील आव्हिन्यों गावचा येशूसंघीय. जपानला जाण्याची आस घेऊन तो लिस्बनहून निघाला आणि १६१९ साली गोव्यास पोहोचला. त्याच वर्षी 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात प्रभुचरणी लीन झाले. त्यांचे पुराण तीनच वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, राशोल येथे छापून झाले होते. ओवी मराठी, पण देवनागरीचे खिळे पाडणे न जमल्यामुळे अक्षरे रोमन. रोदचा मुक्काम गोव्यात आणि सासष्टीत मिळून दोन वर्षांहून अधिक काळ पडला. तेथे तो स्थानिक बोलीही शिकला. परक्या भाषेचे ध्वनी रोमन अक्षरांत बसवण्याची खटपट त्याच्या अवतीभवती नित्य चालू होती. गोव्यातील एक गोष्ट मात्र त्याला रुचली नाही, आणि आपल्या प्रवासवृत्तात त्याने ती स्पष्टपणे नोंदवली आहे: नवख्रिस्ती माणसाला त्याचा देशी पेहराव टाकावयास का लावावे? प्रभूने जे मागितले नाही, ते आपण का मागावे?

१६२४ च्या अखेरीस तो दक्षिण व्हिएतनामात आला. तेथे त्याला गुरू लाभला तो फादर फ्रान्सिस्को द पिना हा पोर्तुगीज. व्हिएतनामी भाषा अस्खलित बोलणारा हा पहिला धर्मोपदेशक. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी तो समुद्रात बुडून मरण पावला. रोदचा दुसरा गुरू म्हणजे दहा-बारा वर्षांचा एक स्थानिक मुलगा! तीन आठवड्यांत त्या मुलाने आपल्याला सारे सूर उच्चारावयास शिकवले, असे रोद कृतज्ञतेने सांगतो. सूर म्हणण्याचे कारण असे, की या भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर ठरतो. 'मा' हा एकच शब्द सहा सुरांत म्हणावा, तर त्याचे अर्थ होतात भूत, आई, परंतु, थडगे, घोडा आणि भाताचे रोप. प्रवचनात आईच्या जागी घोडा अवतरला तर श्रोत्यांचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी! ते सूर कागदावर उतरवण्यासाठीच त्या टोप्या, आकडे आणि टिंबे आली.

हे काम एकट्या रोदचे नव्हे. पिनाने पाया घातला. गास्पार दो आमाराल आणि आन्तोनियो बार्बोझा या दोघा पोर्तुगीज येशूसंघीयांनी शब्दसंग्रह रचले. त्यांचे ऋण रोदने स्वतः मान्य केले आहे. रोदचे श्रेय हे, की १६५१ साली रोममध्ये त्याने व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश आणि आठ दिवसांची धर्मशिक्षणपुस्तिका छापून घेतली. या पुस्तिकेत तो आरंभ करतो तो त्या लोकांच्याच पितृभक्तीपासून. आईबापांस मान द्यावा, त्यांच्यावर राजा, आणि सर्वांवर स्वर्गाचा स्वामी, ही पायरी तेथील मनाला ओळखीची होती. मात्र याच पुस्तिकेत बुद्धाविषयी त्याने जे कठोर लिहिले आहे, ते वाचताना आज आपल्याला संकोच वाटतो. त्याची दृष्टी त्याच्या शतकाचीच होती.

आता गोव्याकडे पुन्हा एकवार पाहावे. स्टीफन्ससारख्यांनी जी भाषा प्रेमाने जोपासली, तिच्यावर १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की रहिवाशांनी तीन वर्षांच्या आत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. जेथे सत्ता हाताशी होती तेथे भाषा दडपता आली. व्हिएतनाममध्ये ती सोय नव्हती. म्हणून तेथे भाषा शिकावी लागली. धर्मगुरूंच्या त्या दुर्बलतेनेच व्हिएतनामच्या ख्रिस्तसभेचे कल्याण केले, असे माझे मत आहे.

पाहुण्याला केव्हाही हाकलले जाई. मग श्रद्धावंतांचा सांभाळ कोणी करावा? त्यासाठी रोदने स्थानिक धर्मशिक्षकांचा एक संघ उभारला. हे तरुण अविवाहित राहण्याचे आणि मिळकत सामाईक ठेवण्याचे वचन देत, प्रार्थना चालवीत, थोडेफार वैद्यकही शिकत. त्यांतला आन्द्रे हा फू येन प्रांताचा एकोणीस वर्षांचा मुलगा २६ जुलै १६४४ रोजी मारला गेला. रोद त्या वेळी त्याच्यापाशी उभा होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ५ मार्च २००० रोजी आन्द्रेला धन्यवादित घोषित केले. दुसऱ्या वर्षी रोदला देशातून कायमचे घालवण्यात आले. युरोपात जाऊन त्याने एकच धोशा लावला: त्या लोकांना त्यांच्यातलेच धर्मगुरू द्या, आणि त्यासाठी बिशप पाठवा. आपला पाद्रोआदोचा हक्क जाईल म्हणून पोर्तुगालने कान टवकारले. पाद्रोआदो-प्रोपागांदा या वादाची झळ पुढे आपल्या मुंबई परिसरातील धर्मग्रामांनाही लागली, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. अखेर १६५८ मध्ये दोन फ्रेंच बिशप नेमले गेले. पुढच्या वर्षी रोमने त्यांना दिलेल्या सूचना आजही ताज्या वाटतात: धर्म आणि सदाचार यांना उघड बाधक नसलेल्या लोकरीती बदलू नका, फ्रान्स, स्पेन वा इटली तेथे नेऊ नका, श्रद्धा न्या. १६६८ मध्ये पहिल्या व्हिएतनामी धर्मगुरूंना दीक्षा मिळाली.

या सूचना रोम स्वतःच पुढे विसरले. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावणे ही मूर्तिपूजा ठरवून १७४२ साली त्या प्रथेवर कायमची बंदी आली. ज्या देशात आईबापांचे स्मरण हाच धर्माचा गाभा, तेथे ख्रिस्ती माणूस कुलद्रोही ठरला. ही बंदी व्हिएतनाममध्ये उठण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात मिन्ह मांग आणि तू दुक या सम्राटांच्या राजवटीत छळाचा कहर झाला. गालांवर 'ता दाओ' अशी अक्षरे डागली जात. त्यांचा शब्दशः अर्थ 'डावी वाट'. आपल्या 'वाममार्ग' या शब्दाचा जणू सख्खा भाऊ. १९ जून १९८८ रोजी संतपद पावलेल्या एकशे सतरा रक्तसाक्ष्यांत शहाण्णव व्हिएतनामी आहेत, आणि एकूणांपैकी एकोणसाठ प्रापंचिक. त्यांतली एकमेव स्त्री म्हणजे आग्नेस ले थी थान्ह, सहा मुलांची आई. धर्मगुरूंना आसरा दिला म्हणून पकडलेली ही माउली १८४१ साली नाम दिन्हच्या तुरुंगात मरण पावली. रक्ताळलेली वस्त्रे पाहून मुलगी रडू लागली, तेव्हा ही तर गुलाबाची फुले आहेत, असे म्हणून तिने मुलीची समजूत घातली, असे सांगतात.

परंतु याच छळाचे निमित्त करून फ्रान्सच्या तोफा १८५८ मध्ये दा नांगला आल्या, हेही तितकेच खरे. पाहुण्याचा मालक झाला. तेव्हापासून ख्रिस्ती म्हणजे फ्रेंचांचा हस्तक, हा डाग श्रद्धावंतांच्या माथी बसला.

प्रवाशाने या दोन वाटा दोन मंदिरांत पाहाव्यात. सायगॉनचे नोत्र दाम कॅथीड्रल १८८० साली पुरे झाले. त्याच्या विटासुद्धा फ्रान्सहून आणल्या होत्या. हनोईचे संत योसेफाचे कॅथीड्रल तर एका प्राचीन बौद्ध विहाराच्या जागी उभे राहिले. आणि त्याच सुमारास, हनोईच्या दक्षिणेस निन्ह बिन्ह भागातील फात दिएम या दलदलीच्या गावी, त्रान लुक नावाचे व्हिएतनामी धर्मगुरू १८७५ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत एक मंदिर बांधीत होते. खांब देशी लोहकाष्ठाचे, भिंती दगडाच्या, छपरांची टोके पॅगोडासारखी वर वळलेली, पुढे तळे. दोन-तीन तासांची वाट वाकडी करून ते पाहावे, ही माझी आग्रहाची विनंती. देशाचे पहिले व्हिएतनामी बिशप न्गुयेन बा तोंग यांना १९३३ मध्ये दीक्षा मिळाली, ती याच फात दिएमसाठी.

लिपीचे पुढे काय झाले? दोन शतके ती चर्चच्या अंगणातच राहिली. सामान्य ख्रिस्ती वाचकही चिनी वळणाच्या देशी 'नोम' अक्षरांत प्रार्थना वाचत. फ्रेंच सरकारने ती कारभारासाठी उचलली. १८६५ साली सायगॉनला या लिपीतले पहिले वृत्तपत्र निघाले. पुढे त्रुओंग विन्ह की हे कॅथोलिक विद्वान त्याचे संपादक झाले. मग घडले ते फ्रेंचांच्या हिशेबात नव्हते. शिकावयास सोपी म्हणून देशभक्तांनीच ती जवळ केली. १९०७ च्या हनोईतील मोफत राष्ट्रीय शाळेने तिचा पुरस्कार केला, आणि सप्टेंबर १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा केल्यावर आठवडाही उलटला नसता हो ची मिन्ह यांच्या सरकारने याच अक्षरांतून साऱ्या जनतेला साक्षर करण्याची मोहीम हाती घेतली. सासष्टीच्या वाटेने आलेली मिशनऱ्यांची अक्षरे साम्यवादी शाळांच्या फळ्यावर चढली!

जेवणाच्या टेबलावरही हाच इतिहास मांडलेला असतो. कॉफीचे रोप १८५७ मध्ये फ्रेंच मिशनऱ्यांनी आणले. आपला पाव पोर्तुगीजांचा, त्यांचा फ्रेंचांचा. त्या पावाला 'बान्ह मी' म्हणतात. 'बान्ह' म्हणजे तांदळाच्या पिठाचे पोळे, वड्या, पुडे, सारे काही, आणि 'मी' म्हणजे गहू. भातावर जगणाऱ्या या लोकांनी प्रभूच्या प्रार्थनेत मात्र पाव आणला नाही. जेथे आपण 'भाकर' म्हणतो, तेथे ते 'लुओंग थुक', म्हणजे शिधा, म्हणतात. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, तेव्हा आठ ते दहा लाख माणसे उत्तर सोडून दक्षिणेत गेली. त्यांत बहुसंख्य कॅथोलिक होते. कित्येक धर्मग्रामे आपल्या धर्मगुरूसह जशीच्या तशी उठून गेली. उत्तरेचा 'फो' त्या निर्वासितांबरोबर सायगॉनमध्ये घरोघर पोहोचला. तेथे त्यात मोड, तुळशीसारखा पाला आणि लिंबू यांची रेलचेल झाली. हनोईकर अजून त्याला नाके मुरडतात. मला दोन्ही आवडतात, परंतु सायगॉनच्या वाडग्यामागे कोणा विस्थापित आईचा हात आहे, हे विसरवत नाही.

१९७५ मध्ये सायगॉन पडले आणि आर्चबिशप न्गुयेन व्हान थुआन यांना अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांतली नऊ एकांतकोठडीत. श्रद्धावंतांनी पोटाचे औषध म्हणून पाठवलेल्या द्राक्षरसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते पवित्र मिस्सा अर्पण करीत. पुढे ते कार्डिनल झाले. २००२ मध्ये रोमला वारले.

रोदने मात्र व्हिएतनाम पुन्हा पाहिला नाही. त्याला इराणात पाठवण्यात आले आणि १६६० साली तो इस्फाहान येथे मरण पावला. २०१८ मध्ये काही व्हिएतनामी मंडळी मुद्दाम तेथे गेली आणि त्याच्या थडग्यापाशी त्यांनी आपल्या लिपीत कृतज्ञतेची शिळा बसवली. पुढच्याच वर्षी दा नांग शहरात पिना आणि रोद यांची नावे दोन रस्त्यांना देण्याची सूचना आली. फ्रेंच आक्रमणाशी रोदचा संबंध जोडून काही विद्वानांनी हरकत घेतली, आणि ती सूचना बाजूला ठेवण्यात आली. हो ची मिन्ह शहरात मात्र जुन्या राजप्रासादासमोर रोदच्या नावाचा रस्ता आहे. प्रवाशाला त्याची पाटी सहज वाचता येते.