आरतीचे शब्द पडद्यावर : कोणता प्लेअर चालतो?

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली भागात खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गणेशोत्सवात आरतीचे शब्द गाण्यासोबत संगणकाच्या पडद्यावर चालवायचे, तर आधी प्लेअर जुळतो का ते बघावे लागते.

कारण : शब्द दाखवणारे वेगळे ॲप स्वतः गाणे वाजवत नाही. कोणते गाणे, कितवा सेकंद, हे ते प्लेअरकडून घेते. प्लेअरने वेळ कळवली नाही, की ओळी जागीच थांबतात.

विंडोज : म्युझिकबी आणि एआयएमपीमध्ये ही सोय आतच आहे. फूबार२००० ला ओपनलिरिक्स जोडावे लागते.

लिनक्स : व्हीएलसी, रिदमबॉक्स, ऑडेशियस हे प्लेअर एमपीआरआयएस पद्धतीने ॲपला वेळ कळवतात.

फाइल : शब्दांची फाइल एलआरसी प्रकारची हवी. तिला गाण्याचेच नाव द्या, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येक ओळीआधी चौकोनी कंसात वेळ टाका, तीही इंग्रजी अंकांत. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

वेळ तीच ठेवून शब्द गुजराती लिपीत लिहिले तरी चालते. गुजराती माध्यमात शिकणारी, देवनागरी वाचताना अडखळणारी पोरंही मग सगळ्यांसोबत आरती म्हणू शकतात.