तीरकामठे आणि तगाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

1801 साली आमचे नशिराबाद लुटले गेले. सातमाळ्याच्या डोंगरातून भिल्लांच्या टोळ्या उतरत आणि गावाला उभी-आडवी झोडपून जात, असा जुन्या कागदपत्रांतला उल्लेख. त्यानंतर दोनच वर्षांनी दुष्काळ पडला आणि गाव जवळजवळ ओस झाले. मी याच गावचा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना भिल्ल म्हणजे लुटारू एवढेच डोक्यात बसले होते. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले, की ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. उरलेली अर्धी गोष्ट तहाची आहे. आज तीच सांगायची आहे.

मुळात भिल्ल हा खानदेशातल्या गावांचा जागल्या. रात्रीची राखण करायची, चोरी झाली तर माग काढायचा आणि त्याबद्दल गावाने धान्याचा, पैशाचा ठरलेला हक्क द्यायचा, अशी रीत होती. डोंगरातल्या घाटवाटांची राखण नाईकांकडे असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे-होळकरांच्या भांडणात खानदेश भरडून निघाला. 1802 साली होळकरांच्या फौजा गेल्या, त्यामागून 1803-04 चा दुष्काळ आला. गावेच उरली नाहीत, तर जागल्याला हक्क कोण देणार? ज्याने राखण करायची, तोच तीरकामठा घेऊन डोंगरात गेला.

पेशवाईने यावर काय उपाय केला, ते ऐका. 1804 च्या सुमारास सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी कोपरगावला मोठा भिल्ल जमाव विश्वास देऊन बोलावून घेतला. माणसे आली. त्यांना पकडून विहिरींत लोटण्यात आले. अशा कत्तली इतरत्रही झाल्या. मला हा खानदेशच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. लढाईत मेलेल्यांचे दुःख काळ भरून काढतो, पण बोलणी करायला बोलावून मारले, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यानंतर कोणतेही सरकार बोलवो, डोंगरातला नाईक आधी विहिरी मोजणार!

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला अधिकारी. त्या वेळी टोळ्यांमागे हजारो माणसे होती. ब्रिग्जने दोन्ही हातांनी काम केले. एकीकडे डोंगराच्या वाटा अडवून रसद तोडायची, सापडलेल्या म्होरक्यांना शिक्षा करायची. सातमाळ्यातला चिल नाईक 1819 मध्ये फासावर गेला. दुसरीकडे जे खाली येतील त्यांना तनखा आणि जुने हक्क द्यायचे. काही नाईक आले. पण एक टोळी शांत झाली की दुसरी उठे. सात वर्षे हेच चालले.

1825 साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेकडची कन्नडला होती. एजंटाचे काम काय? तक्रारी ऐकायच्या, हक्कांची चौकशी करायची, मागचे गुन्हे माफ करायचे, पडीक जमीन द्यायची आणि बैल-बियाण्यासाठी तगाई द्यायची. शिवाय भिल्लांचीच एक पलटण उभारायची. हे शेवटचे काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे आले. त्याचे नाव जेम्स औट्रम. पुढे लखनौच्या वेढ्यात गाजला तोच. त्याचे ठाणे धरणगावला होते.

औट्रमने आधी छापा घातला, कैदी धरले, आणि मग त्या कैद्यांच्या नातलगांमार्फत बोलणी लावली. हे विसरून त्याला निव्वळ प्रेमळ साहेब ठरवणे बरोबर नाही. पण पुढे तो एकटा, पहारा न घेता नाईकांबरोबर जंगलात राहिला, हेही खरे. ब्रँडी पाजून त्यांची मने जिंकली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. वाघाच्या शिकारीचा नाद होताच. सुरुवातीला अगदी मोजके भिल्ल भरती झाले. 1826 च्या आरंभी तीनशेवर जवान झाले होते. त्यांना मालेगावच्या छावणीत नेले, तेव्हा त्यांच्या मनात कोपरगाव आले नसेल, असे कसे म्हणावे? तिथे तेविसाव्या पलटणीतल्या वरच्या जातींच्या शिपायांनी त्यांना जवळ बसवून पानसुपारी दिली. कागदावरच्या कुठल्याही कलमापेक्षा या विड्याने जास्त काम केले असावे, असे मला वाटते. धरणगावची पलटण लवकरच खजिन्यावर पहारा देऊ लागली. ज्यांच्या भीतीने खजिना लपवायचा, तेच आता त्याचे राखणदार झाले.

राज्य बदलताना हत्यारबंद जमातींशी बोलायचे कसे, हा प्रश्न खानदेशापुरता नाही. शेजारच्या ब्रह्मदेशात 12 फेब्रुवारी 1947 रोजी पांगलाँगला आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन प्रमुखांशी करार केला. पाच महिन्यांत त्यांचा खून झाला आणि दिलेला शब्द वाऱ्यावर गेला. लोकशाही येऊ लागली तेव्हा, 2015 साली, आठ गटांनी पुन्हा शस्त्रसंधीवर सह्या केल्या. 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि सारे विस्कटले. उलट आपल्याकडे 1986 चा मिझो करार टिकला. त्यात बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. सत्तेत वाटा मिळाला.

कंपनीने असा वाटा दिला नव्हता, आणि ते काही लोकशाही राज्य नव्हते. तिने चाकरी दिली, तनखा दिला, तगाई दिली. जंगल मात्र सरकारचे झाले आणि जमीन हळूहळू सावकाराकडे गेली. 1970 च्या दशकात शहादा-तळोद्यात आदिवासी आपल्या गेलेल्या जमिनींसाठी उभे राहिले, त्याची मुळे इथवर जातात.

खाज्या नाईकाचे उदाहरण पाहा. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा हा सरकारी चाकर. मध्यंतरी शिक्षा भोगली, पुन्हा कामावर घेतला गेला. 1857 मध्ये त्याने बंड पुकारले आणि त्याच घाटातून जाणारा सात लाखांचा खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला त्याच्या आणि भीमा नाईकाच्या माणसांची सरकारी फौजेशी गाठ पडली. समोर औट्रमने उभारलेली भिल्ल पलटणही होती. 1860 मध्ये खाज्या मारला गेला. पलटण आणखी तीस वर्षे चालली आणि 1891 साली जिल्हा पोलिसांत विलीन झाली.