स्मृतीची उसनवारी

१९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ‘सी’ ही संगणकभाषा सिद्ध केली. तींत यंत्राच्या स्मृतींतील जागा उसनी मागणें व काम सरतांच ती परत करणें, हा भार प्रोग्रॅम लिहिणारावरच असे. परतफेड विसरली तर स्मृति हळूहळू आटे. एकच जागा दोनदां परत केली तर सारा हिशेब कोसळे.

तेथेंच १९७९ मध्यें स्ट्राउस्ट्रुप यांनीं आरंभिलेल्या ‘सी प्लस प्लस’च्या १९९८ च्या प्रमाणग्रंथांत स्टेपानोव्ह यांच्या परिश्रमांतून ‘व्हेक्टर’ आला. तो गरजेप्रमाणें वाढतो व आयुष्य संपतांच जागा स्वतःच परत करतो.

जुने प्रोग्रॅम मात्र त्यामुळें आपोआप सुधारले नाहींत. प्रत्येक उसन्या जागेचा धनी कोण, हें आधीं ठरवावें लागतें. तें न ठरवितां केलेल्या बदलांत जुनाच दोष नव्या वेषांत शिरतो.